कळंब-वालचंदनगर : गाव, मळा आणि कारखाना-वसाहत यांच्या वाढीचा आढावा

प्रास्ताविक

नागरी वस्तीच्या अभ्यासात 'उपनगर' ही संज्ञा आपण एका ठरावीक क्रमाने समजून घेतो. आधी शहर असते, ते दाटते, मग त्याच्या वेशीबाहेरील शेतांवर घरे उभी राहतात आणि जवळची खेडी हळूहळू शहराच्या पोटात जातात. एरंडवणे, कोथरूड, हडपसर यांचा इतिहास याच क्रमाने सांगितला जातो. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या खोऱ्यात वसलेल्या कळंब या गावाला मात्र हा क्रम लागू पडत नाही. (याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात दुसरे कळंब आहे. त्याच्याशी या लेखाचा संबंध नाही.) पुणे शहर येथून सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. म्हणजे ज्याचे उपनगर व्हावे असे शहर जवळ नव्हतेच. गावाच्याच शिवारात विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात एक साखर कारखाना आला, त्याच्याभोवती वसाहत उभी राहिली, वसाहतीला वालचंदनगर हे नवे नाव मिळाले, आणि पुढील दोन-तीन पिढ्यांत मूळ गावच त्या नव्या नगराचे उपनगर बनले. आज पत्त्यात 'कळंब-वालचंदनगर' असे जोडनाव सर्रास लिहिले जाते. त्या दोन नावांमधील आडवी रेघ हा या लेखाचा विषय आहे.

वालचंदनगरचा इतिहास बहुधा उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या चरित्राचा एक अध्याय म्हणून लिहिला जातो. 'ओसाड माळावर उभे राहिलेले नगर' हे त्या लेखनाचे आवडते वर्णन. उद्योजकाच्या धडाडीबद्दल वाद नाही. परंतु माळ ओसाड असला तरी तो बेवारस नव्हता, आणि या वस्तीची वाढ समजून घ्यायची तर कारखान्याच्या यंत्रांइतकेच त्याच्याखालील जमिनीकडे पाहावे लागते. ती कोणी मोजली, कोणी खंडाने घेतली, कायद्याने कोणाकडे गेली आणि कोणाला परत मिळाली, या प्रश्नांच्या उत्तरांनी येथील घरे कोठे बांधली जातील हे ठरवले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोजणी

महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात इंदापूर तालुक्याचे स्थान अनन्य आहे. १८१८ साली पेशवाई संपल्यानंतर दख्खनच्या जमीनमोजणीचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. हेलीबरी येथे माल्थसच्या हाताखाली शिकलेल्या प्रिंगलने रिकार्डोच्या खंड-सिद्धांताचा आधार घेऊन प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढण्याचा प्रयत्न केला. कागदावर निर्दोष दिसणारी ही आकारणी प्रत्यक्षात रयतेला पेलली नाही. इंदापुरात शेते पडीक पडली आणि कुणबी गाव सोडून जाऊ लागले. गोल्डस्मिड याने ही दुरवस्था वरिष्ठांच्या नजरेस आणली. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच तालुक्यात नव्याने पाहणी केली आणि कमी, तीस वर्षांसाठी स्थिर असे दर ठरवले. पुढे संपूर्ण मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या रयतवारी पाहणी-पद्धतीचा प्रारंभ तो हाच. आपण आज ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो, त्याची शिस्त इंदापूरच्या माळावर आकाराला आली.

ही पार्श्वभूमी येथे मुद्दाम दिली आहे. जमीन मोजली, तिला क्रमांक मिळाला आणि त्या क्रमांकापुढे एक खातेदार लिहिला गेला, की ती हस्तांतरणक्षम होते. ती गहाण पडू शकते, विकली जाऊ शकते, खंडाने देता येते. १८७५ साली सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत या हस्तांतरणक्षमतेची एक बाजू सावकारांच्या रोखे-दस्तऐवजांच्या होळीच्या रूपाने दिसली. दुसरी बाजू दिसायला आणखी साठ वर्षे लागली. शेकडो लहान खातेदारांची जमीन एका कंपनीच्या वहिवाटीखाली एकत्र आणणे हे काम सर्व्हे नंबरांच्या अभावी जवळजवळ अशक्य झाले असते.

पाणी आणि संरक्षक जकात

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात असूनही इंदापूर तालुका अवर्षणप्रवण आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने या भागाची वाताहत केली आणि त्याच काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम हाती घेण्यात आले. १८८५ च्या सुमारास कालव्यातून पाणी वाहू लागले आणि त्याला बारमाही आधार देण्यासाठी भोर संस्थानच्या हद्दीत भाटघर येथे धरण बांधले गेले. पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून सुमारे शंभर मैल वाहणारा हा कालवा दुष्काळाच्या भीतीने काढला असला, तरी पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेत नसे. ज्वारी-बाजरीच्या कुणब्याला दरवर्षी पाणीपट्टी भरण्यात स्वारस्य नव्हते. पाण्याला कायम गिऱ्हाईक हवे म्हणून कालव्यावर ठरावीक क्षेत्राच्या पट्ट्यांना आलटून-पालटून उसाचे पाणी देणारी ब्लॉक पद्धत आली. तिच्यामागे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची कल्पना होती. बागायतीचे तंत्र जाणणारे सासवडचे माळी कालव्याच्या काठाने पूर्वेकडे सरकत आले आणि त्यांनी मराठा खातेदारांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस लावला. बारामती तालुक्यातील माळेगावचा दीर्घकाळ अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवुड यांनी हा प्रवास तपशीलाने मांडला आहे. खंडाने जमीन देण्याघेण्याची रीत कंपनीने येथे आणली नाही. ती आधीच रुळलेली होती.

१९२८ साली भाटघर येथे नवे, कितीतरी मोठे लॉइड धरण पूर्ण झाले. कालव्यात पाणी वाढले आणि शेपटाकडील कळंब परिसरात ते घेणारे कमी पडू लागले. सरकारला आता मोठे, एकहाती गिऱ्हाईक हवे होते. नेमक्या त्याच वेळी, १९३२ साली, साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला. जावाहून येणारी साखर महाग झाली, आणि १९३१-३२ मध्ये देशभरात तीसेक असलेले आधुनिक साखर कारखाने चार-पाच वर्षांतच शंभराच्या पुढे गेले. कळंबच्या इतिहासाची कलाटणी या दोन घटनांच्या योगात आहे.

कारखाना आणि 'नगर'

वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) हे सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबातील. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली, बोरघाटातील बोगद्यांचे काम केले, १९१९ साली सिंदिया जहाज कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे त्यांनी माळरानाची मोठी शेती करून पाहिलेली होती, त्यामुळे कळंबला ते नवखे शेतकरी म्हणून आले नाहीत. १९०८ साली नोंदलेली मार्सलंड प्राइस ही बांधकाम कंपनी त्यांच्या समूहाकडे आलेली होती आणि तिच्याच नावावर कळंबची जमीन व कारखाना उभा राहिला. १९३४ च्या सुमारास गाळप सुरू झाले. हीच कंपनी पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज झाली. म्हणजे गावाने कंपनीला जमीन दिली, कंपनीने वसाहतीला संस्थापकाचे नाव दिले आणि अखेर वसाहतीचे नाव कंपनीने स्वतःला लावून घेतले.

नावाचा हा प्रकार एकट्या कळंबपुरता नाही. साक्चीचे १९१९ साली जमशेदपूर झाले. दख्खनच्या कालव्यांवर माळीनगर, टिळकनगर, साखरवाडी अशी नावे जुन्या गावांशेजारी उगवली, आणि पुढे सहकारी कारखान्यांनीही प्रवरानगर, भवानीनगर अशी तीच रीत चालवली. जुने गाव मोडले नाही. पण पत्र, पैसा आणि पाहुणा नव्या नावाने येऊ लागला.

अशा वसाहतींची रचना सर्वत्र सारखीच असते. हुद्द्यानुसार बंगले, क्वार्टर्स आणि चाळी, कंपनीचे पाणी, कंपनीची वीज, दवाखाना, शाळा, देवळे, क्रीडांगण. वालचंदनगरने आसपासच्या खेड्यांच्या कितीतरी आधी या सोयी पाहिल्या, आणि पंचक्रोशीतील अनेक कुटुंबांत शिकलेली पहिली पिढी तेथील शाळांतून बाहेर पडली. हे ऋण मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावा लागतो : या सोयी घेणाऱ्याचा त्या जागेवर कोणता हक्क होता?

तुलनेसाठी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील पुलमन या वस्तीचे उदाहरण उद्बोधक ठरेल. रेल्वेचे शयनयान डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन याने १८८० पासून शिकागोच्या दक्षिणेस आपल्या कामगारांसाठी आदर्श नगर वसवले. विटांची नेटकी घरे, बाग, ग्रंथालय, बाजार सारे होते, परंतु एकही घर कामगाराला विकत घेता येत नसे. १८९३ च्या मंदीत कंपनीने वेतन कापले, घरभाडे मात्र कापले नाही. १८९४ चा देशव्यापी रेल्वे संप त्यातून उद्भवला. १८९८ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला कारखान्यासाठी आवश्यक नसलेली मालमत्ता विकण्यास सांगितले. घरे राहणाऱ्यांकडे आली आणि पुलमन हे शिकागोचे एक सामान्य उपनगर बनले. म्हणजे तेथे घरमालकीचा प्रश्न नगराच्या आत सुटला. वालचंदनगरमध्ये तसे काही घडले नाही, आणि म्हणून तो प्रश्न नगराबाहेर, कळंबच्या गावठाणात आणि रस्त्यांच्या कडेला सुटत गेला.

१९६१ चा कायदा : मळा तुटतो

कंपनीकडील जमिनीचा मोठा भाग खंडाचा होता. ज्यांनी ती दिली त्या मूळ मालकांना या भागात 'खंडकरी' म्हणतात. वास्तविक शब्दाच्या अर्थाने खंडकरी म्हणजे खंड भरणारा, म्हणजे कूळ. येथे मात्र कूळ बलाढ्य कंपनी होती आणि मालक चार-दहा एकरांचा शेतकरी, त्यामुळे शब्दानेही बाजू बदलली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा हा अर्थपालट आहे.

१९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने राज्यभर कुळे मालक झाली. उसासाठी किंवा औद्योगिक उपक्रमांना दिलेल्या जमिनींना मात्र त्या तरतुदींतून वगळले होते. त्यामुळे कंपनी मालक झाली नाही आणि मालकांच्या हाती वहिवाटही आली नाही. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा झाला. त्याने खाजगी साखर कारखान्यांचे मळे शासनाकडे घेतले, आणि या सलग बागायती क्षेत्रांचे तुकडे होऊन उसाचा पुरवठा ढासळू नये म्हणून ती १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे सोपवली. आजचा अहिल्यानगर, तसेच नाशिक, पुणे, सातारा, सोलापूर आदी जिल्ह्यांत मिळून ऐंशी हजार एकरांहून अधिक जमीन महामंडळाकडे आली. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर आणि रत्नपुरी हे त्यांपैकी दोन मळे.

कळंबच्या वाढीच्या दृष्टीने १९३४ इतकेच हे वळण महत्त्वाचे आहे, आणि चरित्रपर लेखनात ते सहसा एका वाक्यात आटोपते. शेत आणि कारखाना यांची फारकत झाली. ऊस पिकवणारा मजूर महामंडळाचा झाला, यंत्रावरचा कामगार कंपनीचा राहिला. एकाच बाजारात येणाऱ्या दोन कुटुंबांच्या वेतनात, घरात आणि भविष्यात अंतर पडू लागले. त्याच सुमारास नीरेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातीलच भवानीनगरचा छत्रपती कारखाना यांच्यामागे सभासद शेतकऱ्यांचा स्वतःचा ऊस होता. मळा गमावलेल्या खाजगी कारखान्याला या स्पर्धेत भवितव्य नव्हते.

कंपनी टिकली ती वेगळ्याच वाटेने. साखर कारखान्याच्या दुरुस्तीसाठी असलेल्या कर्मशाळेतून यंत्रनिर्मिती वाढत गेली. साखर व सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री, बाष्पके, दंतचक्र-पेट्या आणि नंतर अणुऊर्जा व संरक्षण क्षेत्रासाठीची जड कामे येथे होऊ लागली. १९७० च्या दशकापासून अग्निबाणांच्या मोटरींची कवचे येथे घडू लागली, आणि २०२३ साली चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या प्रक्षेपकाच्या घन-इंधन बूस्टरचे भागही वालचंदनगरातून गेलेले होते. आज ही कंपनी साखर बनवत नाही, साखर बनवणारी यंत्रे बनवते. वस्तीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, शेतमजुराची गरज कमी आणि फिटर, वेल्डर, टर्नर, आरेखक यांची गरज अधिक झाली. शेतीवर उभे राहिलेले नगर शेतीपासून सुटले.

गाव उपनगर होते

क्वार्टर नोकरीबरोबर येते आणि निवृत्तीबरोबर जाते. तीस वर्षे वसाहतीत राहून, मुलांची शाळा, मित्र आणि देवळातील उत्सव तेथेच रुजलेल्या कुटुंबाला निवृत्तीनंतर दोन पर्याय उरतात : मूळ गावी परत जाणे, किंवा जवळच्या गावात गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधणे. ज्यांचे मूळ गावी काही उरले नव्हते त्यांनी दुसरा पर्याय निवडला. दुकानदार, लहान कंत्राटदार, सुटे भाग बनवणारे वर्कशॉपवाले यांचीही हीच अडचण होती. कंपनीच्या हद्दीत त्यांना मालकीची जागा मिळणार नव्हती. या वाढीचा लाभ कळंब, रणगाव, लासुर्णे या गावांना आणि जंक्शन या रेल्वे स्थानक नसलेल्या 'जंक्शन'ला मिळाला. जेथे राहणाऱ्याला मालकी मिळत नाही तेथील लोकसंख्या एका मर्यादेपुढे वाढत नाही. ती शेजारी वाढते. कळंब येथे विश्वासराव रणसिंग महाविद्यालय उभे राहिले, हेही याच प्रक्रियेचे एक टोक मानता येईल. शाळा नगराने दिल्या, उच्च शिक्षण गावाच्या बाजूला आले.

हे प्रतिपादन तपासण्याची साधने दूर शोधावी लागत नाहीत. ग्रामपंचायतीची कर आकारणीची नमुना ८ ची नोंदवही दशकानुदशके उलगडली तर घरे कोणत्या वर्षांत आणि कोणत्या आडनावांची वाढली हे दिसते. तलाठी दप्तरातील फेरफार नोंदी शेतजमिनीचे प्लॉट केव्हा पडले ते सांगतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे जन्मगाव आणि पूर्वीची शाळा लिहिलेली असते. स्थलांतराच्या अभ्यासाला याहून स्वस्त आणि विश्वासार्ह साधन क्वचितच मिळेल. इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र या तीन विभागांच्या प्राध्यापकांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून एक-एक नोंदवही वाचून घेतली तरी बरेच काम होईल.

प्रशासनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पाच हजारांहून अधिक लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे लोक आणि कामकरी पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाह्य व्यवसायात, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या की जनगणना एखाद्या वस्तीला शहर मानते, मग तेथे ग्रामपंचायत असली तरी. कारखाना ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२५ नुसार सर्व करांऐवजी ठोक रक्कम देण्याचा करार करता येतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-क्यू मध्ये तर औद्योगिक उपक्रम स्वतः नागरी सेवा पुरवत असेल तेथे नगरपालिका न नेमण्याची मुभा आहे. या तरतुदींमागील सोय समजण्यासारखी आहे. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम असा होतो की, कारखाना-वसाहतीच्या कडेला वाढणारी वस्ती गटारे, कचरा आणि नळ-पाणी या गरजांनी शहर असते, आणि उत्पन्नाने व अधिकाराने खेडे राहते.

जमीन परतते, कामगार राहतो

महामंडळाचे मळे पुढे तोट्यात गेले. दुसरीकडे खंडकरी शेतकऱ्यांचा लढा चार दशके चालू होता. कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड हे त्याचे एक प्रमुख नाव. कायद्यातील दुरुस्त्या आणि न्यायालयीन लढाया यानंतर २०१२ पासून मूळ मालकांच्या वारसांना जमिनीचे प्रत्यक्ष वाटप होऊ लागले. आजोबांनी कंपनीला दिलेली जमीन नातवाच्या हाती आली. तोवर कालव्याचे पाणी, उसाचा भाव आणि प्लॉटचा दर हे सारेच बदललेले होते. सातबाऱ्याच्या एकाच उताऱ्यामागे आता मालक, कंपनी, शासन, महामंडळ आणि पुन्हा मालकाचे वारस अशी फेरफारांची माळ आहे. हे वारस ऊस लावतात की प्लॉट पाडतात, यावर वस्तीची पुढची दिशा अवलंबून आहे.

या वाटपात एका घटकाचे नाव कोठेच नव्हते. मळ्यावर दोन-तीन पिढ्या राबलेला मजूर मालकही नव्हता आणि कूळही नव्हता. तो चाकरीवर होता. कंपनीच्या काळात बांधलेल्या चाळींत त्याचे कुटुंब राहिले, महामंडळाच्या काळातही तेथेच राहिले, आणि मळे आटल्यावर काम गेले तरी चाळ सोडून जाण्यासारखे त्याच्याकडे दुसरे गाव नव्हते. राहत्या जागेची, घरासाठी दोन गुंठ्यांची मागणी महामंडळाच्या कामगारांच्या संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. गावठाणातील घराला नमुना ८ चा उतारा असतो, शेताला सातबारा असतो. मळ्याच्या चाळीतील खोलीला मात्र राहणाऱ्याच्या नावाचा यांपैकी एकही कागद नाही.